न चालणारं इंजिन

बागवेबाई नवीन माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघत, आधी त्याच्या बोटांकडे. बोटं तेलकट, तुपट किंवा नुसती घामेजलेली दिसली की त्या दोन्ही हात जोडून एक पाऊल मागं सरत. लोकांना तो नमस्कार वाटे. काहींना तर तो जुन्या वळणाचा, आता दुर्मिळ झालेला नमस्कार वाटे आणि ते तसं बोलूनही दाखवत. बाई फक्त अंतर राखत होत्या.

ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी बरोब्बर त्यांच्या खाली, दुसऱ्यावर. सोसायटीच्या वार्षिक सभेत बटाटेवडे आधी आणि सह्या नंतर असा आमच्याकडे प्रघात आहे. रजिस्टर फिरत फिरत बाईंपर्यंत आलं की त्या पर्समधून स्वतःचं पेन काढत, रुमालाने पानाचा कोपरा धरत, कागदावर उमटलेल्या पारदर्शक डागांकडे बघत आणि हलक्या आवाजात म्हणत, "घाण." त्यात राग नसे. डॉक्टर रोगाचं नाव सांगतो तसा तो शब्द यायचा. वाढदिवसाचे चौकभर फलक, प्लास्टिकची जास्वंद, अर्धवट खरवडलेली स्टिकरं, लग्नाच्या व्हिडिओत सावकाश उडणाऱ्या अक्षता, सकाळी सहा वाजता मोबाइलवर येणारे सुविचार, या सगळ्यांना बाईंकडे मिळून एकच शब्द होता.

वय वाढलं की माणसाला नावं ठेवायची सवय लागते, असं समजून मी पहिली काही वर्षं त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे घाणीशी माझाही परिचय होता. परत आलेल्या पुस्तकांत मला केस, फरसाण, एकदा तर अख्खा पापड सापडला होता. ही पापडाची हकीकत मी एकदा जिन्यात त्यांना सांगितली.

"कुठल्या पुस्तकात?" त्यांनी विचारलं.

"अर्थशास्त्राच्या."

"तळलेला की भाजलेला?"

"भाजलेला."

"मग तितकं वाईट नाही. तळलेल्याने पानं गेली असती."

त्या दिवसापासून त्या मला "ग्रंथपाल" म्हणू लागल्या आणि कधीमधी चहाला बोलावू लागल्या. कप कानाने धरायचा, बशीला बोट लावायचं नाही, हे मला तिसऱ्या चहापर्यंत कळलं.

बाई शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या, एवढंच इमारतीला ठाऊक होतं. त्याआधी त्यांनी चार वर्षं काय केलं, हे मला पापडानंतर बऱ्याच काळाने समजलं. टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या दिवसांत रविवारी सकाळी मुलांसाठी दोन मिनिटांची, तेच मोजके भाग फिरून फिरून दाखवणारी एक मालिका लागायची. त्यात ठमी नावाचं हिरवं, बुटकं, वेळेवर कधीच न पोचणारं एक इंजिन होतं. त्याच्यामागे दोन डबे, डब्यांत कापडी माणसं, धुराड्यावर कापसाचा धूर आणि आजूबाजूला पुठ्ठ्याचं गाव. ते काढलेल्या चित्रांचं कार्टून नव्हतं. खरी खेळण्यातली गाडी होती, आणि ती तसूतसूने सरकवून, दर वेळी फोटो काढून, ते फोटो एकामागून एक दाखवून चालवलेली होती. ज्यांनी ते लहानपणी पाहिलं त्यांना ठमी जिवंत वाटायची. ठमीला चढ लागला की आमच्या घरात माझी धाकटी बहीण धापा टाकायची.

ते इंजिन सरकवणारा हात बागवेबाईंचा होता. शेवटी येणाऱ्या नावांत मात्र "साहाय्य: पी. बागवे" एवढंच होतं. मुलांची पत्रं यायची, त्यांवर "प्रिय बागवे काका" असं लिहिलेलं असे. मालिकेच्या दिग्दर्शकांना सगळे साहेब म्हणत. साहेबांना या पत्रांची गंमत वाटे. "असू दे गं," ते म्हणत, "काका म्हटलं की मुलं जरा ऐकतात." पुढे साहेबांना पुरस्कार मिळाला आणि परदेशात जाऊन त्यांनी 'मी ठमीला कसं चालवलं' या विषयावर भाषणही दिलं.

"कसं चालवलं त्यांनी?" मी विचारलं.

"चहा पीत," बाई म्हणाल्या.

चालवणं म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदाच दाखवलं, जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीने. मीठदाणी दोन मिलिमीटर पुढं. हात मागं. शरीरही मागं, कारण सावली पडते. फोटो. मग पुन्हा दोन मिलिमीटर. "याला आम्ही ढकल म्हणायचो. सेकंदाला बारा ढकली."

"आणि दिवसाला?"

"पाच सेकंद. वीज गेली नाही तर सहा."

वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये खिडक्यांना काळा कागद लावून हे चालायचं. इंजिन साहेबांनी चोर बाजारातून उचलून आणलेलं, जुनं जर्मन, पत्र्याचं, किल्ली दिली की पळणारं. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं पोट उघडून आतली स्प्रिंग काढून टाकली आणि तिथे शिशाचा गोळा बसवला. साहेब हळहळले, इतकी जुनी, इतकी सुंदर यंत्रणा. बाई म्हणाल्या, "स्वतःहून हलणारी गोष्ट माझ्या काय कामाची?" शिशामुळे ठमी जिथे ठेवावी तिथे राही. ज्या इंजिनावर एक पिढी धावायला शिकली ते ठमी झाल्यापासून एकदाही स्वतः चाललेलं नव्हतं.

बोटांचं प्रकरण त्या शेडमधलंच. एकदा साहेबांचे कुणी मोठे पाहुणे शूटिंग बघायला आले. त्यांच्या सन्मानार्थ जिलेबी आणली होती. पाहुण्यांनी ती खाल्ली आणि मग गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा ठमीच्या अंगावरून प्रेमाने हात फिरवला. बाई त्या वेळी कॅमेऱ्यामागे होत्या, त्यांनी पाहिलं नाही. फिल्म धुऊन आली तेव्हा पडद्यावर ठमी बोगद्यात निरोगी शिरत होती आणि बाहेर येताना तिच्या अंगावर खरूज उठल्यासारखे डाग वळवळत होते. चार दिवसांचं काम बाईंनी पुन्हा केलं.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, पाहुण्यांना कळू देऊ नकोस. वाईट वाटेल त्यांना."

शेड बंद पडली तेव्हा साहेबांनी कॅमेरा नेला, पुरस्कार नेला, लाइटसुद्धा नेले. गाव आणि माणसं भंगारात गेली. ठमी बाईंनी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून घरी आणली. ती कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात असे. मी ती तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा फडक्यासकट, बाईंच्या हातात. वीतभर लांब, हिरवा रंग ताकातल्या कोथिंबिरीसारखा फिकटलेला. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला, केबिनच्या मागं, अंगठ्याच्या पेराएवढी एक जागा होती. तिथला रंग पार झिजून खालचा पत्रा उघडा पडला होता. चार वर्षं बाईंनी तिला फक्त तिथेच धरलं होतं. दुसरीकडे कुठे हात लागला तर पडद्यावर दिसेल म्हणून.

"ही माझी सही," त्या एकदा म्हणाल्या. मग लगेच, आपण काहीतरी पोकळ बोललो असं वाटून, "चहा गार होतोय," असं म्हणाल्या.

एकदा कुणीतरी ठमीचा एक भाग इंटरनेटवर टाकलेला मला दिसला. मी मोबाइल घेऊन वर गेलो. बाईंनी आधी मोबाइलची काच पुसली, मग चष्मा पुसला आणि मग बघायला बसल्या. मला वाटलं होतं त्या हसतील किंवा डोळ्यांत पाणी वगैरे येईल. त्या फक्त माहिती देत होत्या.

"इथे मी शिंकले."

"कुठे?"

"झाड हललं बघा. वारा नव्हता तो." थोड्या वेळाने, "इथे वीज गेली, मग दुसऱ्या दिवशी केलं. उजेड जरा पिवळा आहे." मग, "हा सिग्नलवाला मला कधी आवडला नाही."

पुढे पूल आला. ठमी पुलावर चढली, मध्यावर पोचली, पार झाली. दहा-बारा सेकंदांचा प्रसंग. बाईंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, काचेला बोट न लावता कापडाआडून व्हिडिओ मागं ओढला आणि तो प्रसंग पुन्हा दाखवला.

"इथे, मध्यावर, गावाहून तार आली. वडील गेले. मी ठमीवर चादर टाकली, शेडला कुलूप लावलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि कुडाळला गेले. तेराव्यानंतर आले. चादर काढली, हात धुतले आणि पुढची ढकल दिली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दिसतंय का कुठे?"

मी तो प्रसंग चार वेळा पाहिला. ठमी पुलावरून एकसारखी जात होती.

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं," बाई म्हणाल्या, आणि मोबाइल परत देण्यापूर्वी पुन्हा पुसला.

एवढं ठाऊक असताना मी जे केलं ते आता सांगायला हवं.

डोंबिवलीत राजनदादा नावाचे एक माजी नगरसेवक आहेत. दिवा स्टेशनपर्यंतच्या पट्ट्यात त्यांच्या वाडवडिलांची भातशेती आणि मिठागरं होती, आता त्याच जागी त्यांच्या इमारती आहेत. त्यांनी बालमहोत्सव भरवायचं ठरवलं आणि त्यासाठी एक सल्लागार समिती नेमली. सल्लागार समितीचं काम सल्ला देणं नसून फलकावर असणं हे असतं. माझ्या नावामागे 'ज्येष्ठ ग्रंथपाल' असल्यामुळे मी त्या फलकावर होतो, आणि तिथे असल्याचं मला मनातून बरंही वाटत होतं. मोठेपणाची टिंगल करणाऱ्या माणसाला थोडासा मोठेपणा मिळाला की तो किती शांत होतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

बैठकीत मी ठमीचा विषय काढला. दादा खुर्चीतून उठलेच. "काय सांगताय सर! ठमी? खरी ठमी? अहो, आमच्या आख्ख्या गावात एकच टीव्ही. मी मिठागराच्या खारातनं चिखलाच्या पायांनी पळत यायचो. तो टीव्हीवाला आत घ्यायचा नाय, मी खिडकीतनं बघायचो." दादांचा आवाज खरोखर भरून आला होता. त्या गृहस्थाला मी ढोंगी म्हणू शकत नाही, आणि हीच सगळ्यात मोठी अडचण आहे.

मी बाईंना विचारायला गेलो. त्या नाही म्हणाल्या. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी प्रश्न विचारले.

"हात कोण लावणार?"

"कुणीच नाही. काचेची पेटी असेल."

"पेटी कोण उघडणार?"

"मी."

"नेणार-आणणार कोण?"

"मीच. शब्द देतो."

"जशी आहे तशी परत यायला हवी, ग्रंथपाल. जशी आहे तशी."

त्यांनी ठमी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली, तेव्हा मी हात साबणाने धुऊन गेलो होतो.

दोन दिवसांनी निखिल आला. हा दादांचे कार्यक्रम बघणारा तरुण, राहायला दिव्याला, बोलायला गोड. "सर, पेटीचं माप घ्यायचंय. ठमी लागेल." माप घरी घेता आलं असतं. मी स्वतः बरोबर जाऊ शकलो असतो. मला त्या दिवशी डोंबिवलीला जायचा कंटाळा आला होता. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मी ठमी त्याच्या हातात दिली. नंतर बारा दिवस विचारलं की तो म्हणे, "एकदम सेफ आहे सर, टेन्शन नका घेऊ. सरप्राइज आहे." सरप्राइज हा शब्द ऐकूनही मी हललो नाही.

महोत्सवाच्या सकाळी बाई पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून आल्या. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. सुरुवातीलाच त्यांना बसल्या जागी शाल घातली गेली. शाल घालणाऱ्याची बोटं बघून त्यांनी मान जरा आत घेतली, पण सहन केलं. मंचावर मोठं टेबल होतं. त्यावर दादांच्या येऊ घातलेल्या गृहसंकुलाचं मॉडेल मांडलं होतं, तरणतलाव आणि मंदिरासकट, आणि त्याभोवती गोल रूळ. रुळांवर मखमली कापडाखाली काहीतरी झाकलेलं. काचेची पेटी कुठेच दिसेना.

"पेटी?" बाईंनी विचारलं.

"आणतील," मी म्हणालो.

दादांनी भाषण केलं, खारातला चिखल आणि खिडकी सांगितली, डोळे पुसले आणि मखमल ओढली.

ठमी चकाकत होती. मोटारींना देतात तो धातूसारखा झळाळणारा हिरवा रंग, त्यावर सोनेरी पट्टे. पुढे निळसर दिवा. एका अंगावर सोनेरी अक्षरात 'ठमी एक्सप्रेस'. केबिनच्या बाजूला 'माजी नगरसेवक राजनदादा यांच्या सौजन्याने'. निखिलने खिशातून रिमोट काढला आणि बटण दाबलं. ठमीने शिट्टी घातली आणि ती सुटली. शेपटीला फटाका बांधलेलं कुत्रं धावावं तशी ती दादांच्या संकुलाभोवती गरगर धावू लागली. मुलांनी किंकाळ्या फोडल्या, पालकांनी मोबाइल वर केले.

बाईंच्या त्या नेहमीच्या शब्दाची मी वाट पाहिली. त्या उठल्या आणि कुणी न बोलावता मंचाच्या पायऱ्या चढल्या. सूत्रसंचालिकेला वाटलं कार्यक्रमात तसंच असेल. "आणि आता आपल्यासमोर येत आहेत ठमीच्या आई!" ती म्हणाली. टाळ्या झाल्या. बाईंनी धावतं इंजिन वरच्या वर उचललं. चाकं त्यांच्या हातात घरघरत राहिली. त्यांनी ते उलटं केलं आणि निखिलकडे बघितलं.

"शिसं कुठाय?"

"काय मॅडम?"

"आत शिशाचा गोळा होता."

"हां, तो! तो काढून टाकला मॅडम, उगाच जड होतं." निखिल उत्साहात होता. "मॅडम, तुम्हाला माहीतच नव्हतं बहुतेक, आतनं मशीनच गायब होती! कुणीतरी काढून घेतलेली. आम्ही नवीन मोटर टाकली. आणि मागं रंग पार उडालेला ना, तो पण मारून घेतला. शोरूम पीस झालाय."

माइक चालू होता. हे सगळं मैदानभर ऐकू गेलं, आणि लोकांनी निखिलसाठी टाळ्या वाजवल्या.

पुढचा कार्यक्रम हिरवा झेंडा दाखवण्याचा होता. दादा झेंडा घेऊन तयार होते, फोटोवाले गुडघ्यांवर बसले होते. बाई इंजिन सोडेनात. दादा वाकून हळू आवाजात, घरच्या बोलीत म्हणाले, "मावशी, सोरा ना गारी. सगली पोरा वाट बगतान."

"सोडते," बाई म्हणाल्या.

त्यांनी खालचं झाकण काढून सेल बाहेर घेतले आणि ते दादांच्या हातात दिले. इंजिन रुळावर ठेवलं. दादांनी झेंडा वर केला. बाईंनी केबिनच्या मागं बोट लावून इंजिन दोन मिलिमीटर पुढं ढकललं, हात काढला आणि एक पाऊल मागं जाऊन उभ्या राहिल्या. मग पुढं आल्या, वाकल्या, दोन मिलिमीटर ढकललं, मागं गेल्या. मोटरमुळे चाकं फिरत नव्हती, घासत होती. दर ढकलीला पत्रा बारीक किरकिरत होता.

पहिल्या दोन-तीन ढकलींना लोक हसले. मग काही जण टाळ्या वाजवू लागले, मग त्यांच्याही लक्षात आलं की यात टाळी कुठे वाजवायची ते कळत नाही. एक फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा इकडे बघून." बाईंनी बघितलं नाही. दादांचा झेंडा हवेत तसाच होता. खाली घ्यावा तर गाडी सुटली नव्हती, आणि धरून ठेवावा तर हात दुखत असणार. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काकू, कल्याण कधी येणार?" हशा झाला. बाई वाकल्या, ढकललं, मागं गेल्या. पुढच्या रांगेतली मुलं तेवढी गप्प होती, पण ती कंटाळूनही गप्प असतील.

बारा ढकली झाल्यावर बाईंनी माइककडे तोंड केलं. "हा एक सेकंद झाला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली, तिच्यात इंजिन गुंडाळलं आणि त्या पायऱ्या उतरून, माझ्या खुर्चीवरून नजर न फिरवता, मैदानाबाहेर रिक्षात जाऊन बसल्या. सत्काराच्या शालीचा काही उपयोग होताना मी तेव्हा प्रथमच पाहिला.

मंचावर लगेच नाच सुरू झाला. मी शेवटपर्यंत बसलो. सल्लागारांना अल्पोपाहार होता. मी तोही घेतला. त्या उपम्याची चव मला अजून आठवते आणि ती चांगली होती, हे मला स्वतःबद्दल फारसं आवडत नाही.

दोन दिवसांनी निखिलचा फोन आला. "सर, मॅडम रागावल्या का? दादा पण अपसेट आहेत. आम्ही किती मनापासून केलेलं. शिळफाट्याला गॅरेजमध्ये स्वतः उभा राहून रंग मारून घेतला मी."

"जुना रंग खाली आहे ना?" मी विचारलं. जिन्यात थिनरचा वास येऊ लागला होता आणि माझ्या मनात एक आशा होती.

"नाय नाय सर, असं कसं? आधी पूर्ण पॉलिश पेपर मारला. एकदम पत्र्यापर्यंत. नायतर नवा रंग पकडत नाय."

ही माहिती घेऊन मी तीन आठवडे दुसऱ्या मजल्यावर राहिलो. रोज दुपारी तिसऱ्या मजल्यावरून थिनरचा वास खाली येई. म्हणजे वर बाई नवा रंग काढत होत्या, थोडा थोडा, खालचा फिकट हिरवा शोधत, ती पेराएवढी जागा शोधत. आणि खाली काही नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. बायको म्हणाली, "जाऊन सांगा की." मी म्हणालो, "कसं सांगू?" ती म्हणाली, "दिलीत कशी तसं सांगा."

शेवटी गेलो. ती आमची अखेरची भेट ठरली; पुढच्या महिन्यात मी मुलीकडे कल्याणला गेलो असताना त्या घर बंद करून कुडाळला बहिणीकडे निघून गेल्या.

दार उघडून त्या आत वळल्या. खिडकीशी टेबल, त्यावर वर्तमानपत्र, वाटीत थिनर, कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांचा ढीग, टोकं हिरवी-सोनेरी झालेली. मध्ये ठमी. धुराड्यापासून निम्म्याहून अधिक नुसता पत्रा, राखी, बारीक ओरखड्यांनी भरलेला. केबिनच्या मागची बाजूही उघडी झाली होती. तिथे ती जुनी जागा मी शोधली. ओळखू आली नाही. सगळाच पत्रा तसा झाला होता.

"बाई," मी म्हणालो, "निखिल म्हणाला, रंग देण्याआधी त्यांनी जुना रंग पॉलिश पेपरने—"

"ठाऊक आहे. पहिल्या दिवशीच कळलं. हे चरे काय उंदराने पाडलेत?"

मी विचारलं, "मग हे सगळं कशासाठी? खाली तर काहीच नाही."

"खाली काय आहे म्हणून नाही काढत," बाई म्हणाल्या. "वर काय आहे म्हणून काढतेय."

"माझं चुकलं."

"हो."

एवढंच. त्यांनी नवी काडी घेतली, थिनरमध्ये बुडवली, टोक वाटीच्या कडेला निथळलं आणि इंजिन खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. त्या अंगावर सोनेरी अक्षरांची एक ओळ होती, आता अर्धीच उरलेली.

"राजनदादा मंगळवारी निघाले," त्या न बघता म्हणाल्या. "'सौजन्याने'ला उद्याचा दिवस जाईल. तिथे रंगाचे दोन हात दिलेत."

मग त्या वाकल्या आणि काडी अक्षरावर टेकवली.

"जाताना दार ओढून घ्या. वास जिन्यात गेला की लोक चौकशीला येतात."